अठ्ठावीस स्क्रू

माझा नवरा चांगला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकते. शेजारच्या तीन घरांची दारं त्याने फुकट घासून बसवून दिली आहेत. माझी आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिला उचलून संडासला तो न्यायचा, तोंड वाकडं न करता. माझा भाऊ सहा वर्षं तुरुंगात होता, तेव्हा दर पंधरवड्याला न चुकता भेटीला जाणारा हाच. मी सख्खी बहीण, पण मी दोन-चारदा कंटाळा केला, त्याने एकदाही नाही. तेव्हा पुढचं वाचून कोणी म्हणू नये की बाई नवऱ्यावर दात धरून आहे. दात धरून आहेच, पण तो चांगला आहे हेही तितकंच खरं आहे.

त्याला सगळे भुंगा म्हणतात. काम करताना ओठ मिटून तो घुमत असतो. ते गाणं नसतं, गाण्याचा तळ असतो. मोठ्या स्पीकरमधून छातीवर आदळतो तेवढाच भाग. विसाव्या वर्षी कानात शिरला तो बाहेर पडायचं नाव घेत नाही. दारांच्या कारखान्यात तो तेव्हापासून आहे. आग लागली तर धूर अडवायची जाड दारं तिथे बनतात, चौकटीला चारी बाजूंनी रबरी पट्टी असते. दार कसं बसलं पाहिजे, असं कोणी विचारलं की तो म्हणतो, "मुंगीनेसुद्धा आत यायच्या आधी विचारलं पाहिजे." स्क्रू तो अजून हातानेच पिळतो आणि दर चार बोटांवर एक बसवतो. नवी पोरं हसतात, मग त्यांची दारं परत येतात आणि ह्याची येत नाहीत.

तरुणपणी ते चौघे होते. भुंगा. माझा मोठा भाऊ, शीतगृहात गोठलेली खोकी उतरवणारा. तो इतका उंच की मित्र त्याला उंट म्हणत, मी दादा म्हणते. तिसरा चष्मा, टपाल निवडायच्या खात्यात होता आणि लोकांची पोस्टकार्डं वाचल्याशिवाय पुढे ढकलत नसे. चौथी गिरकी. ती गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलरच्या मशीनवर बसायची, दिवसाला चारशे कॉलर, आणि शनिवार आला की तिचे पाय जमिनीवर ठरत नसत. दादाचा तिच्यावर जीव होता. दोघांनी एक खोली बघून ठेवली होती. नळ गळत होता, तो घरमालकाने दुरुस्त करून दिला की राहायला जायचं ठरलं होतं.

रेव्ह हा शब्द आम्हाला पुढे वर्तमानपत्रातून कळला. ते नुसतं "घुमायला जाऊ" म्हणायचे. मोज्यांचा एक कारखाना बंद पडला होता, त्याच्या खिडक्यांना काळा रंग फासला आणि दाराचं कुलूप बदललं, की झालं. भुंग्याने प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांतून स्पीकरची आठ खोकी बनवली होती, एकेक कपाटाएवढं. शनिवारी सुरू झालेलं रविवारी दुपारपर्यंत चालायचं. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा कान ठणकले आणि तिसऱ्यांदा आईने चपला लपवल्या. आठवडाभर कोणाच्या तरी हाताखाली मान खाली घालून राहिलेली पोरं तिथे मान वर करून नाचत होती, एवढंच मला त्यातलं कळलं आणि तेवढं मला आवडलंही होतं. मागच्या भिंतीला एक खिडकी होती. तिला रंग लावला नव्हता, ती वीतभर उघडी असायची. जीव घाबरला की तिथे जाऊन बसायचं, हवा खायची, परत यायचं. गिरकीची ती ठरलेली जागा होती.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, त्याच खिडकीखाली गिरकी मेली.

डॉक्टरांनी लिहिलं की अंग आतून तापत गेलं आणि पोटात नशेची गोळी सापडली. गोळी दादाने दिली होती. त्या दिवशी त्याने अकरा जणांना दिल्या होत्या, बाकीचे दहा सोमवारी कामावर हजर झाले. कोर्टात पोलिसांनी फोटो दाखवले. खिडकी सताड उघडी. म्हणजे हवेची ददात नव्हती, म्हणजे राहिली ती गोळीच. दादाने वाद घातला नाही. "मीच दिली," एवढंच म्हणाला आणि सहा वर्षं बसून आला. सुटल्यापासून तो गाड्या लावायच्या जागेत काचेच्या टपरीत बसतो आणि दांडा वर-खाली करतो. दुसरी खोली त्याने बघितली नाही, दुसरी मुलगीही नाही. कोणी लग्नाचं काढलं तर म्हणायचा, "एक मारली तेवढी पुरे."

त्याला भेटायला जाता-येता बसमध्ये शेजारी बसून माझं आणि भुंग्याचं जमलं. तुरुंगाच्या बसने जुळवलेलं लग्न आहे आमचं. तेव्हा मला वाटायचं, मित्रासाठी इतकं करणारा माणूस बायकोसाठी किती करेल.

गिरकी गेल्याला सव्वीस वर्षं झाल्यावर चष्मा उगवला. मधल्या काळात तो टीव्हीच्या मालिका लिहायला लागला होता आणि त्याचं पोट चष्म्याच्या पुढे गेलं होतं. म्हणाला, आता आपली गोष्ट करायची, कामगारांच्या पोरांची, घुमण्याची, आठ भागांची. दादाची सही हवी होती, कारण त्याला जसा आहे तसा दाखवायचा होता. मी दादाला म्हणाले, "कशाला गावभर दवंडी पिटायची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"माझी मूठ उघडीच आहे गं," तो म्हणाला. "कोर्टात उघडली तीच." आणि कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्याने सही केली.

भुंग्याला त्यांनी जाणकार म्हणून बोलावलं. मोज्यांच्या कारखान्याच्या जागी आता घरं झाली आहेत, म्हणून बस डेपोमागच्या रिकाम्या गोदामात सगळं नव्याने उभं करायचं होतं. भुंग्याने तीन आठवड्यांची रजा काढली. आठ खोकी त्याने पुन्हा बनवली, पण आत काही नाही, पोकळ. आवाज नंतर भरणार होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा पन्नास-साठ पोरंपोरी गाण्याशिवाय नाचत होती. चपलांची फरफर आणि दम लागल्याचे आवाज, बाकी चिडीचूप. हसू येत होतं आणि हसलं की दिग्दर्शक मागे वळून बघत होता.

मागची भिंत भुंगा एकटाच करत होता. दोन दिवस कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. मी गेले तेव्हा तो गुडघ्यावर बसून घुमत होता आणि स्क्रू पिळत होता. खिडकीवर प्लायवूडची फळी, दुहेरी. कडेने रबरी पट्टी. दर चार बोटांवर एक स्क्रू. उजेडाचा दोरासुद्धा आत येत नव्हता.

सेटचं बघणारी मुलगी फोटो घेऊन आली. "काका, हे काय केलंत? फोटोत खिडकी उघडी आहे."

त्याने वर न बघताच उत्तर दिलं. "उघडी ठेवून कसं चालेल? रविवारी सकाळी गस्तीची गाडी त्याच अंगाने जाते. मागच्या आठवड्यात थांबली होती."

"कुठली गाडी, काका?" ती हसली.

त्याचं घुमणं बंद झालं. लग्नाच्या आधीपासून, तीस वर्षं मी ते ऐकते आहे. ताप आला तरी थांबत नाही. तो वळला, त्याने आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला अक्कल नेहमी उशिरा येते, पण त्या दिवशी लगेच आली. डोक्याने सव्वीस वर्षं लपवलेलं हातांनी दोन दिवसांत बांधून दाखवलं होतं. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की लपवायचं आहे.

चष्मा आला. फळीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. तोही मूर्ख नाही. मी म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, ह्याचा अर्थ काय होतो?"

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "आठही भाग लिहून झालेत. पाच शूट झालेत. गोळी काढली तर खाली काय उरतं? एक खिडकी. खिडकीसाठी कोण रडतं?" मग मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फोटो सरकारी आहे. फोटोसारखं करा. आणि एक पांढरा पडदा लावा, हलता दिसेल असा." जाता जाता भुंग्याच्या पाठीवर थाप मारली. "काम मात्र पक्कं आहे हं तुझं."

भुंग्याने फळी काढली. स्क्रू फिरवायचं विजेचं मशीन बाजूलाच पडलं होतं, त्याला ते सुचलं नाही. हातानेच काढत बसला. मी डबा उघडून समोर बसले होते. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा जेवण पार गार झालं होतं.

घरी मी दार लावलं आणि विचारलं, "त्या रविवारी ती बंद होती?"

"शनिवारी संध्याकाळी बसवली. सगळ्यांना सांगायचं राहून गेलं."

"मग फोटोत उघडी कशी?"

"मी काढली."

"कधी?"

तो नखाने टेबलाची कड खरवडत राहिला. "ती पडली होती तेव्हा."

सगळं एका दमात बाहेर आलं नाही, ओढून काढावं लागलं. पुढे सगळे स्पीकरसमोर होते. हा वायर बघायला मागे आला. आत अंधार होता, धूर होता, वर पत्रा तापला होता आणि बाहेर ऊन चढलंय हे कोणाच्या गावीही नव्हतं. बॅटरीच्या उजेडात त्याला गिरकी दिसली. ती नेहमीच्या जागी हवेसाठी आली होती. भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात वर, फळीवर होते. ह्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. अठ्ठावीस स्क्रू. वीस मिनिटं. मग फळी बाहेर झुडपांत टाकली, आत उजेड आला, आणि मग हा ओरडला.

"तिला हवा मिळावी म्हणून काढत होतो," तो म्हणाला.

"हवाच द्यायची होती तर दार होतं. उचलून नेलं असतंस, चाळीस पावलं."

"दारात सगळ्यांनी बघितलं असतं. विचारलं असतं, इथे का पडली. फळी सापडली असती. पट्टी कारखान्यातली होती, न विचारता आणलेली."

"रबराच्या पट्टीसाठी," मी म्हणाले.

तो पुन्हा टेबलाची कड खरवडायला लागला.

"श्वास चालू होता तिचा?"

"बघितलं नाही."

"का?"

"बघितलं असतं तर स्क्रू काढता आले नसते."

फळी त्याने सोमवारी कारखान्यात नेली आणि तुकडे दळायच्या मशीनमध्ये घातली. स्क्रू डब्यात परत टाकले. स्क्रू काय खराब होतात का, असं म्हणाला. मी त्याच्या थोबाडीत मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्याने गाल चोळला आणि विचारलं, "उंटाला सांगणार आहेस?"

मी सांगितलं नाही. सात महिने गप्प राहिले. का, ते सांगते, आणि ते काही भूषणावह नाही. दादाला उभ्या आयुष्यात मित्र हा एकच, तो तुटेल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मला माझं घर मोडायचं नव्हतं. ह्या वयात दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करायच्या माझ्या पगारावर एकटीने जगायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्याला बोल लावायला तोंड वर करावं, तर आपलंच तोंड बरबटलेलं.

मालिका सुरू झाली, दर रविवारी संध्याकाळी. लोकांना फार आवडली. गिरकी झालेली मुलगी दिसायला तिच्याहून सुंदर होती. दादा झालेला पोरगा उंच होता आणि त्याचे डोळे लबाड होते; दादाचे डोळे कधीच तसे नव्हते. दादाकडे टीव्ही नाही, म्हणून तो आमच्याकडे यायचा, येताना पाव-अंडी घेऊन यायचा आणि शाळेत बसल्यासारखा ताठ बसून बघायचा. भुंगा त्याच्या शेजारी.

सहाव्या भागानंतर दादाच्या टपरीत कोणीतरी पैसे द्यायच्या फटीतून साखरेच्या पांढऱ्या गोळ्या टाकल्या. सातव्यानंतर रोज यायला लागल्या. पोरं गाडी थांबवायची, गोळी आत टाकायची आणि विचारायची, "काका, अर्धी की पूर्ण?" मालिकेतलं वाक्य होतं ते. मी एकदा भेटायला गेले तेव्हा दादा त्या गोळ्या झाडूने गोळा करत होता. "मुंग्या लागतात," तो म्हणाला. त्या पोरांना मी शिव्या घातल्या तर मलाच म्हणाला, "त्यांचं काय चुकलं?"

घरी येऊन मी भुंग्याला सांगितलं, "ह्या रविवारी शेवटचा भाग. त्याच्या आधी तू सांगायचं. नाहीतर मी सांगेन आणि थोबाडीत मारली तेही सांगेन."

रविवारी दादा सातला आला. मी चहा ठेवला. भुंग्याने, दाराचं माप सांगावं तशा आवाजात, सांगायला सुरुवात केली. गस्तीची गाडी, फळी, पट्टी, अठ्ठावीस स्क्रू. सगळं नीट सांगितलं. फक्त एका ठिकाणी घसरला. "फळी नंतर काढली," असं म्हणाला. नंतर म्हणजे कधी, ते गाळलं.

दादा कप हातात धरून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने कप खाली ठेवला, बशीत बरोबर मध्यभागी.

"गोळी मी दिली," तो म्हणाला. "तिने तळहातावर घेतली आणि विचारलं, अर्धी की पूर्ण. मी म्हणालो पूर्ण. ते कोणी स्क्रूने बसवलं होतं का?"

"उंट्या, हवा नव्हती तिथे," भुंगा म्हणाला.

"मला कळतंय तू काय करतो आहेस. टपरीत पोरं गोळ्या टाकतात ते हिने तुला सांगितलं. तुझ्याने बघवत नाही. म्हणून अर्धं पाप आपल्या अंगावर घ्यायला निघालास." दादाने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "सहा वर्षं तू येत होतास. सख्ख्या माणसांनी कंटाळा केला. आता हेसुद्धा करतोस माझ्यासाठी."

मी मध्ये पडले. "दादा, खोटं नाही ते. आणि पुरतं सांगितलेलंही नाही. ती पडली होती आणि हा वीस मिनिटं तिच्या डोक्यावर उभा राहून..."

"बस." दादा माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "तुझ्या नवऱ्याबद्दल असलं बोलायला जीभ कशी रेटते तुझी? माझ्यावरची माया समजते मला. पण माझं ओझं हलकं करायला ह्याला खुनी करू नकोस. माफी माग त्याची."

मी भुंग्याकडे बघितलं. एक शब्द पुरेसा होता. तिचे हात फळीवर होते, एवढं तो बोलला असता तरी दादाने ऐकलं असतं, कारण असलं कोणी मायेपोटी रचत नाही. मी स्वतः ते बोलले असते तर दादाने कान झाकले असते. भुंगा चहाच्या कपात बघत होता. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत होतं, आणि त्याला ते उतरायला हवं होतं. "जाऊ दे आता," तो म्हणाला. "ती मनाला लावून घेते."

"माग," दादा म्हणाला.

मी माफी मागितली. दादासाठी मागितली, असं म्हणते, पण तोंडातून शब्द गेले ते गेले.

आठ वाजले. मीच टीव्ही लावला. शेवटच्या भागात गिरकी नाचता नाचता थबकली आणि गर्दीतून वाट काढत मागे गेली. तिथे खिडकी होती, सताड उघडी, आणि पांढरा पडदा वाऱ्याने आत-बाहेर होत होता. पडद्यामागे सकाळचं ऊन दिसत होतं. ती खिडकीखाली बसली, तिने डोळे मिटले, आणि वारा तिच्या केसांत खेळत राहिला. दादा रडत होता. त्याने न बघताच हात बाजूला नेला आणि भुंग्याचा हात धरला.

"बघ," तो म्हणाला. "उघडीच होती की."

भुंग्याने पडद्याकडे बघितलं, मग दादाने धरलेल्या आपल्या हाताकडे.

"हो," तो म्हणाला. "उघडीच होती."